पात्र

मला पन्नास वर्षांची व्हायची घाई झाली होती.

मार्च २०२५ मध्ये मला पन्नास पूर्ण होणार होती, आणि त्याच्या दीड वर्ष आधीपासून मी त्या तारखेकडे डोळे लावून बसले होते. बरोबरीच्या मैत्रिणी गुडघ्यांबद्दल, झोपेबद्दल, रात्री अचानक फुटणाऱ्या घामाबद्दल बोलायच्या. ते सगळं मलाही होत होतं. पण माझ्या मनात त्याच्या बाजूला एक आकडा असायचा: पाच मिनिटं.

बॉस्टन मॅरेथॉन दरवर्षी एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी होते. १८९७ पासून चालू असलेली ही शर्यत. हॉपकिंटन नावाच्या छोट्या गावातून निघायचं आणि बेचाळीस किलोमीटर पळून बॉस्टन शहरातल्या बॉयलस्टन स्ट्रीटवर पोचायचं. तिथे नुसते पैसे भरून नाव नोंदवता येत नाही. आधी दुसऱ्या एखाद्या प्रमाणित मॅरेथॉनमध्ये तुमच्या वयोगटासाठी ठरवून दिलेल्या वेळेच्या आत यावं लागतं. २०२५ च्या शर्यतीसाठी ४५ ते ४९ वयाच्या बाईला ३ तास ५० मिनिटं होती आणि ५० ते ५४ ला ३ तास ५५. वय धरतात ते बॉस्टनच्या दिवशीचं. म्हणजे जानेवारी २०२४ ला मी अठ्ठेचाळीस वर्षांच्या पायांनी पळणार होते, पण हिशेब पन्नाशीच्या रकान्यात होणार होता.

तो तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले होते. वय वाढलं तर हृदयाचे ठोके पूर्वीइतके वर चढत नाहीत, स्नायू सावकाश भरून येतात, हे कुणीतरी नीट मान्य केलं होतं आणि त्याची किंमत मिनिटांत लिहून ठेवली होती. त्यात दया नव्हती आणि कौतुकही नव्हतं. एक रकाना, त्यापुढे एक वेळ.

मला हे इतकं का भिडलं, ते सांगते. आयुष्यात मला बहुतेक वेळा माणसांनी मोजलं. १९९८ साली कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात समोर बसलेल्या काकूंनी माझी उंची विचारली, मी सांगितली, आणि त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. त्या काकूंचा चेहरा आता आठवत नाही, पण सतरंजीवरून उठताना साडीचा काठ पायाखाली आला होता, तो आठवतो. पुढे नोकरीत बढतीच्या दोन मुलाखती झाल्या. कशात कमी पडले ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशा ठिकाणी तुम्ही बसता की नाही हे समोरच्याच्या मनात ठरतं, आणि ते मन तुम्हाला दिसत नसतं. बॉस्टनच्या तक्त्याला माझी उंची नको होती. बाई की पुरुष, वय किती, वेळ किती.

अर्थात त्या तक्त्यात ‘बाई’ हा रकानाच कितीतरी वर्षं नव्हता. १९६६ मध्ये बॉबी गिब सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत लपून बसली आणि बिननंबरची पळाली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झर २६१ नंबर लावून उतरली, तर एका अधिकाऱ्यानं रस्त्यावर धावत येऊन तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ ला, मी तिसरी-चौथीत असताना. माझ्या आईच्या तरुणपणी जगाचं असं मत होतं की बाईच्या शरीराला एवढं अंतर झेपत नाही. आई आज आमच्याकडेच, कोथरूडला असते. मी पहाटे बाहेर पडले की ती उठून आतून कडी लावते आणि पुन्हा आडवी होते.

पळायला मी एकेचाळिसाव्या वर्षी लागले. विद्यापीठाच्या आवारात, मोठ्या वडांच्या सावलीत, आधी चालणं, मग दोन खांब पळणं, दोन खांब चालणं. पहिली पूर्ण मॅरेथॉन मुंबईत जानेवारी २०१८ ला, ४ तास ५७ मिनिटं. २०२० मध्ये ४:१८. मग कोविड. २०२३ मध्ये ४:०१. चार तासांवरच्या त्या एका मिनिटानं मला सरांकडे नेलं.

सर लष्करातून निवृत्त झालेले. सणस मैदानाच्या ट्रॅकवर मंगळवारी पहाटे दहा-बारा जणांना घेतात. त्यांनी माझी जुनी वही चाळली आणि म्हणाले, “ताई, तुम्ही रोज एकाच वेगानं पळताय. हळू पळायच्या दिवशी हळू पळत नाही आणि जोरात पळायच्या दिवशी जोर उरत नाही.” पुढच्या दहा महिन्यांचं सगळं शिक्षण या एका वाक्यात होतं. आठवड्याला सत्तर किलोमीटर, त्यातले पन्नास-पंचावन्न इतके सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. मंगळवारी ट्रॅकवर हजार-हजार मीटरचे सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं चाल. गुरुवारी टेम्पो, म्हणजे दम लागतो पण तुटत नाही अशा वेगानं सलग आठ-दहा किलोमीटर. पावसाळ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी वेताळ टेकडीचा चढ. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव.

लाँग रन हा पुण्यातला माझा सर्वांत आवडता वेळ. पहाटे चारला नळस्टॉपला पेपरवाले फुटपाथवर पुरवण्या घालत बसलेले असतात. दुधाचे क्रेट उतरत असतात. वारज्यावरून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असं पुढे गेलं की एनडीएच्या, म्हणजे लष्करी प्रबोधिनीच्या, बाजूची झाडी येते आणि हवा एकदम दोन अंशांनी उतरते. कानांच्या पाळ्यांना ती आधी कळते. परत येताना उजाडतं. तेव्हा कुठल्याशा गाडीवर इडल्यांचं झाकण उघडतं आणि तो वास पाव किलोमीटर बरोबर येतो. तीस किलोमीटरनंतर शरीरातला साखरेचा साठा तळाला लागतो, म्हणून पळता पळता खायला शिकावं लागतं. दर पस्तीस मिनिटांना एक जेल, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाची पुडी, आणि तहान लागायच्या आधी पाणी. पोटालाही सराव लागतो, हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला दोन रविवार मी वाटेत ओकले होते. तिसऱ्या रविवारी ते पोटात राहिलं, तेव्हा ट्रॅकवरच्या कुठल्याही वेगापेक्षा मला जास्त आनंद झाला.

रोजच्या सोप्या धावांसाठी मात्र मी नदीपात्रातल्या रस्त्यानं जाते. म्हात्रे पुलाच्या बाजूनं खाली उतरायचं आणि मुठेच्या कडेकडेनं भिडे पुलाकडे. नदी म्हणून तिथे वर्षातले आठ-नऊ महिने काळपट पाण्याची एक पट्टी असते, बाकी सगळं गवत, चिखल, पार्क केलेल्या गाड्या. तरी त्या सगळ्याला आपण नदीपात्र म्हणतो. एका सकाळी तिथे पळताना ‘पात्र’ हा शब्द माझ्या तोंडात घोळत राहिला. भांडं ते पात्र. नाटकातलं पात्र. जिच्यातून नदी जाते ते पात्र. आणि लायक असणं म्हणजेही पात्र असणं. मराठीत या सगळ्याला एकच शब्द का असावा? माझ्यापुरता मी त्याचा अर्थ असा लावला की ज्यात काहीतरी मावतं ते पात्र. नदी आज नसली तरी नदीची जागा असते. माझ्यात ३:५५ मावतं का, एवढाच प्रश्न होता.

२१ जानेवारी २०२४. मुंबईत पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटलो. पुण्याच्या थंडीत तयार झालेल्या माणसाला मुंबईचा जानेवारी फसवतो. गारवा वाटतो, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, अंगावरच राहतो, आणि त्याच वेगाला ठोके हळूहळू वर चढत जातात. सरांनी पहिले बत्तीस किलोमीटर एकाच लयीत पळायला सांगितलं होतं आणि मी तसेच पळले. सी लिंकवर अंधार होता, खाली पाण्याचा आवाज येत होता आणि शेकडो बुटांचा. माहीमला उजाडलं. लोक गॅलऱ्यांतून, फुटपाथवरून ओरडत होते, एक आजी ताटलीत संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. मी फोड घेतली आणि त्यांच्याकडे बघून हसले. तेवढंही खर्चायला नको होतं असं नंतर कुणी म्हणालं, पण ते मला पटत नाही.

पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ. एरवी टॅक्सीतून जाताना तो चढ आहे हेही कळत नाही. तिथे माझ्या मांड्यांनी ऐकायचं सोडलं. मी चालले नाही, पण पाऊल इतकं आखूड झालं की चालण्यात आणि त्यात फार फरक नव्हता. त्या एका किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंद गेली, ठरलेली होती ५:२५. मरीन ड्राइव्हवर ऊन समोरून आलं. शेवटचे तीन किलोमीटर मी फक्त पुढच्या माणसाच्या टाचा बघत होते.

३ तास ४९ मिनिटं ४२ सेकंद.

माझ्या रेषेच्या, म्हणजे ३:५५ च्या, ५ मिनिटं १८ सेकंद आत. घरी आल्यावर आईनं विचारलं, “झालं का गं तुझं ते?” मी म्हटलं, “झालं.”

नंतरचे आठ महिने मी पात्र होते. कुणाला सांगायची गरज नव्हती. भाजी घेताना, काउंटरवर बसून कुणाच्या तरी पासबुकातली चूक शोधताना, आतून एक शांतपणा असायचा. जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, भिडे पूल बुडाला, नदीपात्रातला रस्ता नाहीसा झाला. आम्ही म्हात्रे पुलावर उभं राहून बघत होतो. ज्याला मी वर्षभर रस्ता म्हणत होते, ते सगळं नदी होतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची एक निळी रेषा आखलेली असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नकाशावर त्या रेषा स्थिर दिसतात. पाणी त्या कुठे पाहतं!

अर्ज सप्टेंबरात भरायचे होते, पाच दिवसांत. गणपती बसले होते. आरती झाल्यावर त्याच खोलीत लॅपटॉप उघडून मी मुंबईची वेळ, तारीख आणि बिब नंबर, म्हणजे छातीवरचा नंबर, भरला. बॉस्टनमध्ये रेषेच्या आत आल्यानं फक्त अर्ज करायचा हक्क मिळतो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले, तर जे आपापल्या रेषेच्या जास्तीत जास्त आत असतील त्यांना आधी घेतात, आणि जागा संपतात तिथे कट-ऑफ लागतो. आधीच्या वर्षी तो ५ मिनिटं २९ सेकंद होता, तेव्हा धाकधूक होतीच. पण त्याच्या आधीची दोन वर्षं रेषेच्या आत आलेल्या सगळ्यांना घेतलं होतं. मी त्या दोन वर्षांवर विश्वास ठेवला.

उत्तर आलं ते पितृपंधरवड्यात. एकूण ३६,३९३ अर्ज. २४,०६९ जणांना प्रवेश. १२,३२४ पात्र माणसांना नाही. कट-ऑफ ६ मिनिटं ५१ सेकंद. मी ९३ सेकंदांनी बाहेर.

मुलगा शेजारी बसला होता. त्यानं मोबाइलवर भागाकार केला आणि हळूच म्हणाला, “आई, किलोमीटरमागे जवळजवळ सव्वादोन सेकंद.” मग तो उठला आणि चहा टाकायला गेला. २०१९ मध्ये अकरावीची पहिली यादी लागली तेव्हा त्याचं हवं ते कॉलेज अर्ध्या टक्क्यानं गेलं होतं. पुण्यात ज्यांच्या घरात दहावी झाली आहे त्यांना त्या याद्यांचा आठवडा सांगायला नको. मी तेव्हा त्याला म्हणाले होते, “एवढंच ना, पुढच्या यादीत बघू.” किती सहज म्हणाले होते. बॉस्टनला दुसरी यादी नसते. आणि असती तरी त्या संध्याकाळी ते वाक्य मला ऐकवलं नसतं. त्यानं ते म्हटलं नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि २०१९ च्या त्या वाक्याबद्दल दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली.

मला राग आला होता. कुणावर ते कळत नव्हतं, कारण कुणी अन्याय केला नव्हता. नियम आधीच लिहिलेला होता. माझी वेळ जानेवारीत जी होती तीच सप्टेंबरात होती, एक सेकंदही हललेली नव्हती. हलले होते ते इतर लोक. कुठल्या कुठल्या देशांतल्या हजारो बायका-पुरुषांनी आपापल्या गावात, आपापल्या चढांवर माझ्यापेक्षा थोडं जास्त केलं होतं, आणि त्यांच्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. ज्या रेषेवर मी जीव टाकला होता ती कागदावरची, वयाला मिनिटं देणारी. प्रवेश मात्र दुसऱ्या रेषेवर होता, आणि ती सगळ्यांनी मिळून पळून झाल्याशिवाय दिसतच नाही.

एका नातेवाइकांनी सुचवलं की धर्मादाय संस्थेसाठी निधी जमवला तर तिकडूनही प्रवेश मिळतो. मिळतो, आणि तसे पळणारे चांगल्या कामासाठी पळतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मला त्या तक्त्यातून आत जायचं आहे. हा हट्ट असेल. तो मी करते.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. २०२६ च्या शर्यतीपासून साठीच्या आतल्या सगळ्यांची रेषा पाच मिनिटांनी खाली आणल्याचं जाहीर झालं. पन्नाशीच्या बाईला आता ३:५०. ज्या पाच मिनिटांसाठी मी पन्नास वर्षांची व्हायची वाट बघत होते, ती माझा वाढदिवस यायच्या आधीच परत गेली.

त्या दिवसांत डेक्कनवरून जाताना मला वारंवार जुने धावपटू फडेप्पा चौगुले आठवायचे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा जो पहिला संघ गेला, त्याची सुरुवात इथे झाली. दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची मुलं त्यांनी पाहिली, आणि ही मुलं जगाच्या मैदानावर उतरवायची असं त्यांच्या मनानं घेतलं. बेळगावचे चौगुले अँटवर्पची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पळाले आणि एकोणिसावे आले. पुढच्या वर्षी मी त्यांनाही तक्त्यात बसवून पाहिलं. २०२६ च्या बॉस्टनला तरुण पुरुषांसाठी २:५५, आणि कट-ऑफ लागला ४ मिनिटं ३४ सेकंदांचा, म्हणजे प्रत्यक्षात २:५०:२६. चौगुले १९ सेकंदांनी बाहेर! मग वाचनात आलं की अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्यापेक्षा साडेपाचशे मीटर लांब. त्यांच्या वेगानं तेवढ्याला दोन मिनिटांहून जास्त लागतात. तेवढी वजा केली की चौगुले आत. एकटीच होते, तरी मी मोठ्यानं “आत!” असं म्हणाले.

२०२४ च्या ऑक्टोबरात मला चिकुनगुन्या झाला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जानेवारीत मनगटं आणि घोटे इतके दुखत होते की मुंबईला गेलेच नाही. फेब्रुवारीत पुन्हा दोन खांब पळणं, दोन खांब चालणं. मार्चमध्ये मी पन्नास वर्षांची झाले. आईनं औक्षण केलं.

आता हे लिहिते आहे ते २०२५ च्या डिसेंबरात. पुढच्या महिन्यात मुंबई आहे, १८ तारखेला. या वेळी सरांनी आणि मी मिळून जो आकडा धरला आहे तो ३:४४. किलोमीटरला ५:१८. रेषा ३:५०, आत सहा मिनिटं. तेवढं पुरेल की नाही ते पुढच्या सप्टेंबरात, बाकीच्यांचं पळून झाल्यावर कळेल. गेल्या मंगळवारी सणसवर हजारचे सहा तुकडे ४:५० च्या आत बसले. सरांनी घड्याळ बंद केलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, “पेडर रोडसाठी मांड्या अजून पाहिजेत.” म्हणून उद्याचे बत्तीस किलोमीटर सपाटीवर नाहीत. चांदणी चौकाचा चढ दोनदा आहे, तोही शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये.

नाचणीची पेज करून ठेवली आहे. जेल पट्ट्यात लावले. बूट दाराशी आहेत. आईनं मघाशी खोलीतून विचारलं, “झालं का गं तुझं ते?”

“नाही अजून.”

“उद्या कितीला निघणार?”

“पावणेचारला.”

“बरं. कडी मी लावून घेईन.”